दप्तर कोणाच्या घरी

कोल्हापुरात आषाढ-श्रावणाचा पाऊस तीन-चार दिवस लागून राहिला, की साऱ्या शहराचे लक्ष एका आकड्याकडे लागते. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आली, हे सकाळच्या चहाआधी घरोघर कळलेले असते. ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी येथील शाळकरी पोरालाही पाढ्यासारखी पाठ असते. आणि राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी किती उघडले, याची चर्चा गंगावेशीपासून शाहूपुरीपर्यंत दिवसभर चालते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांच्या वर, तेव्हा त्या आकड्याच्या पाठोपाठ दुसरा एक प्रश्न प्रत्येकाच्या ओठांवर होता : हे पाणी माझ्या दारापर्यंत येईल काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बंधाऱ्यावरची मोजपट्टी देते. दुसऱ्याचे उत्तर नकाशावाचून देता येत नाही. आणि तो नकाशा कोणी करावा, कोणाच्या स्वाधीन असावा, कोणाला पाहता यावा, आणि तो चुकला तर जाब कोणाला विचारावा, हे सारे कायद्यातच धुंडाळावे लागते. त्या कायद्यांचा आणि धोरणांचा हा ग्रंथ आहे. त्याची प्रस्तावना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, ते मी आनंदाने पत्करले. कारण ज्या विषयाची चर्चा न्यूयॉर्क, जिनिव्हा आणि हैदराबाद येथील परिषदांतून चालते, तो विषय मुळात आमच्या चावडीवरचा आहे, अशी माझी अनेक वर्षांची धारणा आहे.

‘भू-स्थानिक माहिती’ हा शब्द कानाला परका वाटतो खरा, परंतु त्याने दर्शविलेली वस्तू परकी नाही. पृथ्वीच्या पाठीवर अमुक एक वस्तू अमुक ठिकाणी आहे, असे सांगणारी प्रत्येक नोंद ही भू-स्थानिक माहिती होय. गावचा नकाशा, गटाचे टिपण, फाळणी बारा, विहिरीची खूण, विजेच्या खांबाचा क्रमांक, उपग्रहाने टिपलेले उसाचे क्षेत्र, आणि आपल्या खिशातला फोन क्षणोक्षणी कुठेतरी पाठवीत असलेला आपला ठावठिकाणा, हे सर्व त्या एकाच नावाखाली येते. पूर्वी ही माहिती कागदावर होती आणि कागद कोठेतरी ठेवलेला असे. म्हणून तिच्यावरचा अधिकार हा बहुतांशी कागदाच्या ताब्याचा प्रश्न होता. आज ती एकाच वेळी दहा देशांत असू शकते, आणि तरीही मूळ प्रश्न ताब्याचाच राहिला आहे.

ताब्याच्या या प्रश्नाला करवीर संस्थानात एक मोठे उत्तर मिळालेले आहे, आणि या ग्रंथाच्या वाचकाने प्रथम तिकडे पाहावे अशी माझी इच्छा आहे. गावचे दप्तर, म्हणजे जमिनीच्या, साऱ्याच्या आणि हक्कांच्या सर्व नोंदी, वंशपरंपरेने कुलकर्ण्याच्या स्वाधीन असत. मोडी अक्षरांत लिहिलेले ते कागद रुमालात बांधलेले, आणि ते रुमाल कुलकर्ण्याच्या घरच्या कोनाड्यात वा माळ्यावर. ज्या कुणब्याच्या जमिनीचा हिशेब त्यात होता, त्याला ते वाचता येत नव्हते, मागता येत नव्हते, आणि त्यात काय फिरवले गेले ते कळण्याचा मार्गही नव्हता. कित्येक कुलकर्णी सचोटीचे असतील. परंतु व्यक्तीच्या सचोटीवर ज्या व्यवस्थेचा सारा भार आहे, ती व्यवस्था न्याय्य म्हणता येत नाही. शाहू छत्रपतींनी १९१८ साली कुलकर्णी वतन खालसा करून पगारी तलाठी नेमले, त्याचा सामाजिक अर्थ आपल्याकडे पुष्कळ सांगितला गेला आहे आणि तो यथार्थच आहे. त्या निर्णयाचा दुसरा अर्थ मात्र फारसा कोणी सांगितलेला नाही. जमिनीविषयीचे ज्ञान ही कोणा घराण्याची मिरास नसून सरकारी कचेरीत जबाबदार नोकराच्या हाती राहणारी सार्वजनिक वस्तू आहे, हे तत्त्व त्या निर्णयाने या मातीत रुजवले. भू-स्थानिक कायद्याची जगभर जी चर्चा चालू आहे, तिचा गाभा मला याहून निराळा दिसत नाही. रुमाल बदलले आहेत, माळे बदलले आहेत. दप्तर कोणाच्या घरी, हा प्रश्न तोच आहे.

मोजणीच्या इतिहासाविषयीही दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे, कारण कायदा हा येथे साखळीच्या मागोमाग आला. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची आधाररेषा मोजली आणि ते काम उत्तरेकडे नेता नेता १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याने देह ठेवला. हिमालयाची उंची ज्या सर्वेक्षणाने जगाला सांगितली, त्याचा आद्य प्रवर्तक महाराष्ट्राच्या मातीत विसावला आहे, ही गोष्ट आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. ती मोजणी राज्यकर्त्याच्या आणि शास्त्रज्ञाच्या दृष्टीची होती. रयतेच्या वाट्याला आली ती दुसरी, महसुली मोजणी : १८३५-३६ च्या सुमारास इंदापुराकडे गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तिची घडी बसवली आणि १८४७ च्या त्यांच्या संयुक्त अहवालाने ती मुंबई इलाख्याची पद्धत ठरली. तिचे साधन होते ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. शेतकऱ्याला रुपया-आण्याचा हिशेब येत होता, म्हणून जमिनीचा हिशेबही त्याच आण्यांत बांधला गेला. माप लोकांच्या जिभेवर असावे, हे शहाणपण त्या साखळीत होते, आणि आजच्या दशांश अंशांच्या जगात त्याची आठवण ठेवण्यासारखी आहे.

काही वर्षांपूर्वी करवीर तालुक्यातील एका गावी दोन चुलतभावांच्या बांधाची मोजणी होती, तेव्हा मी तेथे उभा होतो. ऊस कमरेइतका झाला होता. मोजणीदाराने उंच काठीवर बसवलेले रोव्हर यंत्र बांधाच्या टोकाशी उभे धरले, काठीवरच्या बुडबुड्याकडे पाहून ते सरळ केले, आणि हातातल्या पडद्यावर आकडे स्थिर होण्याची वाट पाहत तो थांबला. इकडे थोरल्या भावाने खुरप्याने माती खरवडून जुना हद्दीचा दगड उघडा केला होता. यंत्राने दाखवलेली जागा आणि दगड यांत दोन हातांचे अंतर निघाले. म्हातारा दगडावर हात ठेवून म्हणाला, “सायेब, खरं काय म्हनायचं? दगूड का ह्ये यंत्र?” मोजणीदार तरुण होता, पण कामाला पक्का होता. तो म्हणाला, “आबा, दोन्ही नंतर. आधी टिपणात काय लिहिलंय ते बघू.” त्याने पिशवीतून मूळ टिपणाची प्रत काढली, विहिरीपासूनचे आणि वाटेपासूनचे अंतर वाचले, आणि साखळी-आण्यांचे मीटर करून पुन्हा मोजायला लागला. यंत्राची अचूकता काही सेंटिमीटरांची असेल. परंतु हद्द कोठे आहे हे यंत्र ठरवीत नाही, अभिलेख ठरवतो, आणि अभिलेखाला कायद्याचे बळ असते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत हद्दी आणि हद्दीच्या खुणा यांचे स्वतंत्र प्रकरण आहे ते याचसाठी. त्या तरुण मोजणीदाराने एका वाक्यात जे सांगितले, ते सांगण्यासाठी आंतरराष्ट्रीय समित्यांना अनेक मसुदे लिहावे लागले आहेत.

त्या दोन हातांहून फार मोठे एक अंतर नकाशांच्या आधारातच दडलेले असते. भारताचे जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्टने १८३० साली मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत. उपग्रहावरून स्थान सांगणारी यंत्रे पृथ्वीचा निराळा आकार गृहीत धरतात. एकावरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे उचलून दुसऱ्यावर ठेवले, तर आमच्याकडे खूण शेकडो फूट सरकते. म्हणून नकाशा पाहताना आधी त्याचा समास वाचावा लागतो : प्रमाण काय, वर्ष कोणते, आधार कोणता, मोजले कोणी. माहितीविषयीची ही माहिती कशी द्यावी हे ठरवणारी आंतरराष्ट्रीय मानके आता झाली आहेत, आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने फेब्रुवारी २०१५ मध्ये साऱ्या पृथ्वीसाठी एकच भूगणितीय संदर्भचौकट असावी असा ठराव केला. कोणतेही राष्ट्र एकट्याने हे काम करू शकत नाही, कारण भूखंडही जागचे हलत असतात आणि त्यांची हालचाल मोजायला सर्व खंडांवरची केंद्रे लागतात. शेतातल्या दगडाचे भांडण आणि आमसभेचा ठराव यांना जोडणारा धागा इतका सरळ आहे.

आता गुप्ततेच्या प्रकरणाकडे वळू. या बाबतीत आपल्या देशाचा प्रवास मोठा आहे आणि तो या ग्रंथात सविस्तर आला आहे. मी त्यातील काही टप्प्यांपाशीच थांबतो. १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम परकीय सत्तेने केला, आणि रेखाटन व आराखडा हे शब्द त्याच्या कक्षेत आले. स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या फौजदारी दुरुस्ती अधिनियमात पुढे १९९० साली घातलेल्या तरतुदीने भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा ठरवला. आपल्या सीमांविषयी राष्ट्राने असे दक्ष राहणे समजण्यासारखे होते. परंतु त्याच काळजीपोटी किनाऱ्यापासून आणि भू-सीमेपासून ऐंशी किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्याचे स्थलवर्णनात्मक नकाशे सामान्य नागरिकाला निर्बंधित झाले, आणि आमच्या जिल्ह्याचा गगनबावडा, राधानगरीकडचा डोंगराळ भाग त्या पट्ट्यात पडतो. ज्या डोंगरांत भोगावती आणि कुंभी उगम पावतात, त्यांची समोच्च रेषा शिवाजी विद्यापीठातल्या भूगोलाच्या विद्यार्थ्याला अर्ज-विनंत्या केल्यावाचून पाहता येऊ नये, आणि त्याच डोंगरांची उपग्रहचित्रे परदेशातला कोणीही घरबसल्या विनामूल्य पाहत असावा, ही स्थिती अनेक वर्षे चालली. यात सुरक्षिततेचा लाभ कोणाचा झाला, ते मला कधीच उमगले नाही. नुकसान कोणाचे झाले ते पुराच्या पाण्याने दाखवून दिले.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि जनतेसाठी एक अशा दोन नकाशामाला केल्या, तेव्हा दार किलकिले झाले. २०१६ मध्ये ते पुन्हा लावून घेण्याचा प्रयत्न झाला : भू-स्थानिक माहिती नियमनाच्या विधेयकाचा जो मसुदा त्या वर्षी प्रसिद्ध झाला, त्यात परवानगीवाचून अशी माहिती गोळा करण्याला आणि बाळगण्याला शंभर कोटी रुपयांपर्यंतचा दंड आणि सात वर्षांपर्यंतची कैद सुचवली होती. देशभरातून हरकती आल्या आणि तो मसुदा कायद्यापर्यंत पोहोचलाच नाही. पुढे १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि पूर्वपरवानगीची जुनी प्रथा बहुतांशी मोडीत काढली. त्यांनी एक उंबरठा ठेवला : आडव्या दिशेत एक मीटर आणि उभ्या दिशेत तीन मीटर. त्याहून सूक्ष्म माहिती केवळ भारतीय संस्थांनी गोळा करावी आणि ती भारतातच साठवावी. २८ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण अधिसूचित झाले आणि २०३० पर्यंत गावे व शहरे पाच ते दहा सेंटिमीटरच्या, तर जंगले व पडीक जमिनी पन्नास ते शंभर सेंटिमीटरच्या सूक्ष्मतेने नकाशाबद्ध करण्याचा संकल्प त्याने केला. धोरण म्हणजे कायदा नव्हे, हे येथे ध्यानी ठेवावे. मार्गदर्शक तत्त्वांनी मिळालेली मोकळीक तशाच दुसऱ्या तत्त्वांनी परत घेता येते. नागरिकाला न्यायालयात उभा राहून जिच्यावर बोट ठेवता येईल, अशी संसदेची तरतूद या विषयात आजही नाही, आणि ती असली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे.

जगाच्या अनुभवात आपल्याला घेण्यासारखे पुष्कळ आहे. अमेरिकेच्या संघसरकारने केलेल्या नकाशावर त्या देशात स्वामित्वहक्कच नसतो, कारण लोकांच्या पैशाने झालेली कृती लोकांची, अशी तेथील धारणा आहे. लँडसॅट उपग्रहांची चित्रे २००८ पासून त्यांनी साऱ्या जगाला विनामूल्य केली, आणि कोयनेच्या जलाशयाची वा आमच्या रंकाळ्याची चाळीस-पन्नास वर्षांची कहाणी आज जो कोणी मांडतो, तो त्या निर्णयाचा ऋणी असतो. ब्रिटनमध्ये १७९१ पासून चालत आलेल्या ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे राजमुद्रेच्या स्वामित्वहक्काखाली विकले जात. २०१० च्या एप्रिलपासून त्यांतले काही मोकळे झाले. युरोपीय संघाने २००७ च्या ‘इन्स्पायर’ निर्देशाने सभासद राष्ट्रांना एकमेकांशी जुळेल अशा रीतीने माहिती मांडण्याची सक्ती केली, कारण ऱ्हाईन आणि डॅन्यूब या नद्या पारपत्र दाखवून सीमा ओलांडत नाहीत. आपल्याकडे १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाने नकाशाला कलाकृतींच्या व्याख्येत बसवले आहे आणि सरकारी कृतीवरचा हक्क साठ वर्षे चालतो. गावाच्या नकाशाला चित्राच्या पंक्तीत बसवणे मला पटत नाही. चित्रकार नाही म्हणाला तर जगाचे काही अडत नाही; पूररेषेचा नकाशा अडवला तर माणसे बुडतात.

आकाशातून पाहणाऱ्या डोळ्याविषयी राष्ट्रांनी जी तडजोड केली, ती मला सर्वांत उद्बोधक वाटते. १९६७ च्या अवकाश कराराने अंतराळ कोणाच्याही मालकीचे नाही असे ठरवले. मग प्रश्न उभा राहिला : एका देशाचा उपग्रह दुसऱ्या देशाच्या शेतांची, खाणींची, पाण्याची चित्रे घेतो, त्याला त्या दुसऱ्या देशाची अनुमती हवी की नको? नवस्वतंत्र राष्ट्रांपैकी अनेकांचे म्हणणे, हवी. ज्यांच्याजवळ उपग्रह होते त्यांचे म्हणणे, नको. अनेक वर्षांच्या वादानंतर ३ डिसेंबर १९८६ रोजी आमसभेने दूरसंवेदनाची पंधरा तत्त्वे मान्य केली. त्यांनी पाहणाऱ्याला अनुमतीची अट घातली नाही. मात्र ज्याची भूमी पाहिली गेली, त्या राष्ट्राला ती माहिती भेदभावावाचून आणि वाजवी मोबदल्यात मिळाली पाहिजे, असे बाराव्या तत्त्वात लिहून ठेवले. ही तत्त्वे कराराइतकी बंधनकारक नाहीत. तरीसुद्धा ज्याची जमीन त्याला तिच्या नोंदीची प्रत, हे सूत्र राष्ट्रांच्या पातळीवर तेथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे उच्चारले गेले. खेद इतकाच, की राष्ट्र जे दुसऱ्या राष्ट्रापाशी मागते, ते आपल्या नागरिकाला देण्याची तरतूद ती तत्त्वे करीत नाहीत. ते काम प्रत्येक देशाच्या कायद्याचे.

तेच काम सोपे व्हावे म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने २०११ मध्ये जागतिक भू-स्थानिक माहिती व्यवस्थापनाची तज्ज्ञ समिती स्थापन केली. त्या समितीने जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये एक एकात्मिक चौकट मांडली. तिच्या नऊ मार्गांपैकी दुसरा मार्ग धोरण आणि कायदा यांचा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये हैदराबादेस भरलेल्या दुसऱ्या जागतिक परिषदेत आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी आलेल्या आपल्या राष्ट्रीय धोरणात या चौकटीची छाया स्पष्ट दिसते. खाजगीपणा, स्वामित्व, परवाने, दायित्व आणि राष्ट्रीय सुरक्षितता ही पाच अंगे एकत्र विचारात घ्यावीत, निरनिराळ्या खात्यांनी परस्परविरोधी हुकूम काढू नयेत, एवढाच त्या दुसऱ्या मार्गाचा थोडक्यात आशय आहे. या ग्रंथाचा मोठा भाग त्याच्या विवरणाला दिला आहे, म्हणून मी अधिक लिहीत नाही.

खाजगीपणाचा विचार मात्र गावठाणाच्या निमित्ताने करावासा वाटतो. जुन्या महसुली मोजणीने शेतजमीन मोजली, कारण सारा शेतावर होता. घरांवर नव्हता, म्हणून असंख्य गावठाणे मोजणीवाचून राहिली. शेताला सातबारा आहे आणि राहत्या घराला कागद नाही, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची अवस्था होती. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावापासून महाराष्ट्राने ड्रोनच्या साहाय्याने गावठाणे मोजण्यास आरंभ केला आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजनेच्या नावाने तेच काम देशभर नेले. चुन्याच्या रेघा मारून घरांच्या हद्दी आखायच्या, वरून ड्रोन फिरवायचे, आणि चौकशी होऊन घरमालकाच्या हाती सनद आणि मिळकत पत्रिका द्यायची : विधवा बाईला आपल्या दोन खणांच्या घराचा कागद प्रथमच हाती लागतो, तेव्हा या तंत्राची थोरवी कोणाला सांगावी लागत नाही. पण ते ड्रोन परसातली न्हाणीही पाहते, वाळवणही पाहते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही झाला. तथापि ड्रोनने घेतलेले मूळ चित्र किती वर्षे ठेवावे, कोणत्या खात्याने कोणाला द्यावे, हे गावच्या माणसाला सांगणारा नियम साध्या मराठीत कोठे तरी चावडीवर लागला पाहिजे.

आणि पुन्हा पंचगंगेकडे. प्रयाग चिखलीच्या संगमापासून निघालेली ही नदी नरसोबाच्या वाडीला कृष्णेस मिळते, आणि कृष्णा राजापूरच्या बंधाऱ्यापुढे थोड्याच अंतरावर कर्नाटकात शिरते. तेथून पुढे हिप्परगी आणि अलमट्टी. दर पावसाळ्यात अलमट्टीचा फुगवटा किती, विसर्ग किती, कोणी केव्हा कळवले, यावर दोन राज्यांत पत्रापत्री चालते. २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला, त्यानंतरही हा वाद शमलेला नाही. आंतरराष्ट्रीय म्हणून ज्या अडचणी ग्रंथात वर्णिल्या आहेत, त्या सर्व शिरोळच्या शेतकऱ्याने आपल्या देशातच अनुभवल्या आहेत. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत भारतीय सर्वेक्षण विभाग संघसूचीत आहे, जमिनीचे अभिलेख राज्यसूचीत आहेत. पाणी राज्याचे, पण आंतरराज्य नद्यांचे नियमन संघाच्या हाती. एकाच नदीच्या एकाच पुराचे आकडे अशा रीतीने चार दप्तरांत विभागले गेले, आणि ती चार दप्तरे एकत्र उघडण्याचे कर्तव्य कोणावर, हे कोठे नीट लिहिलेले नाही.

पूररेषांचेही तसेच आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोहोंच्या मध्ये निर्बंध. जलसंपदा खाते या रेषा आखते आणि नगररचनेच्या आराखड्यावर त्या उतरतात. रेषा एक इंच इकडे आली तर कोणाच्या आयुष्याची कमाई मातीमोल होते, एक इंच तिकडे गेली तर कोणाच्या घरात गळ्याइतके पाणी येते. इतक्या मोलाच्या रेषेखाली उंचीची मोजणी कोणत्या वर्षाची, किती अचूक, हे समासात छापलेले असावे, हरकत घेण्यास मुदत असावी आणि चूक सिद्ध झाल्यास भरपाईची वाट असावी, असे मागणे अवाजवी आहे काय? दायित्वाचा हा भाग जगातल्या बहुतेक कायद्यांत दुर्बळ आहे; आपल्या कायद्यात तो जवळजवळ नाहीच. ग्रंथातील त्या प्रकरणावर वकिलांनी, अभियंत्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी कसून विचार करावा.

एक समाधानाची गोष्ट नमूद केली पाहिजे. या विषयाची परिभाषा मराठीत नाही, असे जे म्हणतात, त्यांनी भूमी अभिलेखाच्या कचेरीत एक सकाळ घालवावी. टिपण, फाळणी, आकारफोड, गुणाकार बुक, हिस्सा, पोटखराबा, हद्द, खूण, शिव, बांध : दोनशे वर्षांच्या व्यवहाराने घासून गुळगुळीत झालेले हे शब्द आहेत, आणि त्यांच्या आधारावर नव्या संकल्पना बांधता येतात. ग्रंथकारांनी शक्य तेथे तेच शब्द वापरले, हे त्यांनी फार योग्य केले.

वाचकांना एकच विनंती. हा ग्रंथ हाती घेण्यापूर्वी आपल्या गावाचा वा आपल्या गटाचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून रीतसर अर्ज करून मागून आणा, तो घरात जमिनीवर पसरा, घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा आणि प्रथम त्याचा समास वाचा : वर्ष कोणते, प्रमाण काय, मोजले कोणी. मग पहिले प्रकरण उघडा.

कोल्हापूर